शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी!

दुःख होणे स्वाभाविक आहे; दुःख कुरवाळीत बसणे घातक आहे. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणूनच तो माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवतो.

१९४७च्या फाळणीत सिंधमधील घरदार, शेती, पेढ्या सोडून आलेले हिंदू बांधव कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरले. तक्रार करण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? पण स्त्रियांनी पापड लाटले, पुरुषांनी फेरी करून माल विकला. ‘शरणार्थी’ नव्हे, ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेण्यात त्यांनी भूषण मानले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसविली. नाव ठरले उल्हासनगर! कॅम्प १ ते कॅम्प ५ ही नावे आजही त्या छावणीची आठवण देतात.

यातून घ्यावयाचा पाठ साधा आहे. गेलेल्याची यादी मिटवावी, उरलेल्याची करावी. मन तयार होण्याची वाट न पाहता रोज एक लहान काम पूर्ण करावे. दुःख जिवलगापाशी मोकळे करावे. मात्र त्याचेच पारायण करू नये. आणि आपल्याहून अधिक अडलेल्या एकाच्या तरी उपयोगी पडावे. हात कामाला लागले की मन हळूहळू त्यांच्यामागे येते.