लाल शाईचे वर्तुळ

कल्याणजवळच्या आगरी घरातले मूल निबंधात ‘पानी’ लिहिते, तेव्हा ते आईचाच उच्चार कागदावर उतरवत असते. शिक्षक त्याभोवती लाल वर्तुळ काढतात. मुलाला वाटते, आपले घरच चुकले. वस्तुतः ज्याला आपण शुद्धलेखन म्हणतो, ते साहित्य महामंडळाने ठरवलेले आणि शासनाने स्वीकारलेले नियम होत: १९६२ साली १४, १९७२ साली आणखी ४. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व, हा संकेत आहे. संकेत शिकता येतो. त्यासाठी लाजावे लागत नाही. तो शिकवायलाच हवा, परंतु मुलाने काय सांगितले ते आधी वाचून. मग ‘घरी पानी, पुस्तकात पाणी’ एवढे पुरे. उत्तर ठाऊक असूनही दोनच ओळी लिहिणारे विद्यार्थी आम्हांला महाविद्यालयात भेटतात. त्यांचे ऱ्हस्वदीर्घ आता कुठे तपासायचे?