वारा किती पेट्रोल पितो?

नागपूर–रत्नागिरी महामार्ग आमच्या लातूर जिल्ह्यात चौपदरी झाल्यापासून एक तक्रार वारंवार कानी येते. गाडी तीच, चालवणारा तोच, पेट्रोल पंपही तोच. तरी मोटारसायकल पूर्वीइतके ॲव्हरेज देत नाही. मग कोणी मेकॅनिकला दोष देतो, कोणी कंपनीला, तर कोणी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला. इथेनॉलचा यात थोडा वाटा आहे, हे खरे. एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा मिळते. पण मोठा वाटेकरी दिसत नाही, म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावरून ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी आता ८० ने पळते आणि समोरची हवा त्याची किंमत वसूल करते.

विद्यार्थी मित्रांनो, ही किंमत आपण कागदावर काढू शकतो. मोटारसायकल आणि तिच्यावर ताठ बसलेला माणूस यांचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस मीटर असते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. आमच्या पठारावर एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.१ किलोग्रॅम भरते. तिन्हींचा गुणाकार करा. तुमची गाडी दर सेकंदाला जवळजवळ २० किलो हवा बाजूला सारत असते!

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आकारावर अवलंबून असणारा रोधांक ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटरला हा रोध सुमारे ३७ न्यूटन येतो आणि ८० ला १४८ न्यूटन. टायरचे लोटण-घर्षण मात्र दोन्ही वेळा साधारण २७ न्यूटनच राहते. म्हणजे एक किलोमीटर जाण्यासाठी पहिल्या वेळी ६४ किलोज्यूल कार्य करावे लागते, दुसऱ्या वेळी १७५. शक्तीचा हिशेब आणखी बोलका आहे. ४० ला पाऊण किलोवॅटही लागत नाही. ८० ला जवळजवळ ४ किलोवॅट लागतात. १०० सीसीच्या इंजिनाची कमाल शक्तीच सुमारे ६ किलोवॅट असते, हे ध्यानात घ्या.

हे आकडे पाहिल्यावर कुणाच्याही मनात येईल की गाडीचा आकारच बदलावा. विचार योग्य आहे. पण बाजारात जे विकले जाते ते वेगळेच. शर्यतीच्या गाडीसारखे दिसणारे प्लास्टिकचे टोकदार नाक हेडलाइटभोवती बसवून घ्यायचे आणि ‘ॲव्हरेज वाढले’ म्हणून सांगायचे! अशा नाकाचा उपयोग मुख्यतः आरशासमोर उभे राहण्यापुरता असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रोधाचा मोठा भाग पुढे नव्हे, मागे तयार होतो. चालकाच्या खांद्यांवरून आणि कमरेजवळून गेलेली हवा पाठीमागे पुन्हा नीट जुळत नाही. तेथे भोवरे उठतात, दाब कमी होतो आणि हा कमी दाब गाडीला मागे ओढत राहतो. मासा पाहा. त्याचे डोके बोथट असले तरी चालते, पण शरीर शेपटीकडे हळूहळू निमुळते होत जाते. मोटारसायकलला खरे तर नाकापेक्षा शेपटीची गरज जास्त आहे.

ज्यांनी हे मनावर घेतले, त्यांना फळही मिळाले. अमेरिकेत क्रेग व्हेटर या रचनाकाराने १९८० ते १९८५ या काळात कमी इंधनात धावणाऱ्या मोटारसायकलींच्या स्पर्धा भरवल्या. १९८५ साली विजेत्या गाडीने गॅलनला सुमारे ४७० मैल, म्हणजे लिटरला २०० किलोमीटर एवढे अंतर कापले. इंजिन साधेच होते. गाडीवर लांबट, प्रवाहरेखित कवच होते.

मग अशा गाड्या आपल्या रस्त्यावर का दिसत नाहीत? एक कारण १९५० च्या दशकातील युरोपच्या शर्यतींत सापडते. तेव्हा पुढच्या चाकासकट गाडी झाकणारी मोठी कवचे वापरात होती. इटलीतील मोटो गुझी कंपनीने तर मोटारसायकलींसाठी स्वतःचे वातविवर बांधले होते. पण बाजूने वारा आला की ही कवचे शिडासारखी वागत. १९५७ चा हंगाम संपल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांच्यावर बंदी घातली. चारचाकी गाडी आडवा वारा सोसते. दोन चाकांच्या गाडीला तोल सांभाळण्यासाठी त्याच्या दिशेने कलावे लागते. मोठ्या ट्रकला ओलांडताना बसणारा वाऱ्याचा झोत ज्याने अनुभवला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

दुसरे कारण आपल्या घरचे आहे, आणि त्याविषयी माझी तक्रार आहे. आपल्याकडे दुचाकींचे ॲव्हरेज वर्षानुवर्षे ‘भारतीय चालन चक्र’ या चाचणीने मोजले जाई. त्यात सरासरी वेग ताशी २१.९ किलोमीटर आणि कमाल वेग अवघा ४२ किलोमीटर होता. गर्दीच्या शहरासाठी हे ठीक. पण एवढ्या वेगाला हवा फारसा त्रास देत नाही. म्हणजे आकार सुधारण्यात खर्च करणाऱ्या कारखान्याला जाहिरातीच्या आकड्यात फारसा लाभ दिसणार नव्हता. २०२० साली बीएस-सहा मानके आल्यावर ही पद्धत मागे पडली, तरी ग्राहकाला एकच आकडा सांगण्याची सवय गेलेली नाही. मला वाटते, प्रत्येक गाडीवर निदान दोन आकडे छापले पाहिजेत: एक शहरातला आणि एक ताशी ८० किलोमीटरचा. पुढचे काम ग्राहकच करतील.

तोवर घरच्या घरी बदल करू नका. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई करते. कायदा बाजूला ठेवला, तरी पत्र्याचे घरगुती कवच ८० च्या वेगाला सुटले तर काय होईल, याची कल्पना करा. काही मुले ‘वारा अडतो’ म्हणून साडी-गार्ड काढून टाकतात. त्याने पेट्रोल वाचत नाही. मागे बसलेल्या आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी मात्र चाकात जाऊ शकते. आणि वारा अडावा म्हणून ट्रकच्या किंवा उसाच्या ट्रॉलीच्या मागे चिकटून जाण्याचा विचारही मनात आणू नका.

सर्वांत स्वस्त सुधारणा मुठीत आहे. चांगल्या कवचाने रोध १५ टक्के घटला असे माना. ताशी ८० ला कार्यात सुमारे १३ टक्के बचत होईल. तीच गाडी कवचाशिवाय ६० ने चालवली, तर किलोमीटरमागे १७५ ऐवजी ११० किलोज्यूल पुरतात, म्हणजे ३७ टक्के बचत. पेट्रोल एवढे वाचणार नाही, कारण हलक्या भाराखाली इंजिनाची कार्यक्षमता उतरते. तरी फरक ठळक राहतो. लातूर ते नांदेड सुमारे १४० किलोमीटर. वेळ ३५ मिनिटे जास्त जाईल. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेले असताना रोज जाणाऱ्याने हा हिशेब करावा.

शहरात मात्र गणित उलटे होते. गंजगोलाईच्या गर्दीत ताशी ४० वरून एकदा पूर्ण थांबलात की सुमारे ११ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. तेवढ्यात गाडी आणखी १७० मीटर गेली असती. तेथे कवचाचा काडीचाही उपयोग नाही. टायरमधील हवा, चेनचे तेल आणि पुढचा सिग्नल पाहून आधीच सोडलेली मूठ एवढेच कामाचे.

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखीच्या प्रतिकृतींची रांग लागते. शिक्षकांना विनंती, की यंदा वाऱ्याचा रोध मोजू द्या. त्यासाठी मोटारसायकल नको, परवानाही नको. साधी सायकल पुरे. रहदारी नसलेला, पुढे सपाट होणारा उताराचा रस्ता निवडा. एका खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडा आणि ती थांबेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. पाच वेळा ताठ बसून, पाच वेळा पुढे वाकून, पण नजर रस्त्यावर ठेवून. नंतर पाठीवर पुठ्ठ्याची निमुळती शेपूट बांधून पाहा. चालक तोच हवा, टायरमधील हवाही तेवढीच. प्रयोग सकाळी लवकर उरका; ऊन चढले की वारा सुटतो आणि मग मोजमापे आपसांत जुळत नाहीत.