मेटा टॅग आणि शोधयंत्रातील क्रम

संकेतस्थळाच्या पानाच्या शीर्षभागात काही ओळी अशा असतात की त्या वाचकास दिसत नाहीत. शोधयंत्रास मात्र वाचता येतात. त्यांना मेटा टॅग म्हणतात. या ओळी चतुराईने भरल्या की शोधाच्या यादीत पान वर चढते, असा समज अनेक संस्थांमध्ये दृढ आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या समजास एके काळी आधार होता. १९९५ साली सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रे या टॅगमधील सूचक शब्द विचारात घेत. परंतु जे वाचकापासून झाकलेले असते, त्यात असत्य मिसळणे सोपे असते. पानाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द तेथे कोंबले जाऊ लागले. गुगलची रचना मांडणाऱ्या १९९८ च्या निबंधात सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी हा गैरवापर नमूद केला आणि इतर पानांनी दिलेल्या दुव्यांना महत्त्व दिले. ग्रंथाची योग्यता आत्मस्तुतीने नव्हे, इतर अभ्यासकांच्या उल्लेखांनी ठरावी, असेच हे तत्त्व होय. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये गुगलने स्पष्ट केले की, क्रम लावताना सूचक शब्दांचा टॅग मुळीच विचारात घेतला जात नाही. वर्णनाच्या टॅगनेही क्रम बदलत नाही.

मग मेटा टॅग निरर्थक समजावेत काय? तसे नव्हे. वर्णनाचा टॅग यादीत शीर्षकाखाली दिसू शकतो आणि वाचकास निवड करण्यास साहाय्य करतो. 'नोइंडेक्स' हा टॅग अनवधानाने राहिला तर पान यादीतूनच वगळले जाते. शोधनिबंधाचे शीर्षक, लेखक व प्रकाशनवर्ष टॅगमधून दिल्यास गुगल स्कॉलरला त्याची नोंद अचूक करता येते. टॅगचे काम ओळख देण्याचे आहे. प्रतिष्ठा देण्याचे नव्हे.

भारतीय भाषांच्या नियतकालिकांनी हा भेद विशेषत्वाने ध्यानी घ्यावा. मराठीतील कित्येक जुने अंक केवळ छायाचित्ररूपाने जालावर आहेत. कित्येक लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण यंत्रापाशी साठवलेली असते ती रोमन चिन्हांची निरर्थक मालिका. गुगल पानाची भाषा दृश्य मजकुरावरून ओळखते. मजकूरच वाचता येत नसेल, तर 'मराठी समीक्षा' हे शब्द टॅगमध्ये शंभरदा लिहूनही उपयोग नाही. अशा लेखाचा शोध घेणारा बंगाली वा कन्नड अभ्यासक रिकाम्या हाताने परततो आणि मराठीत या विषयावर काही लिहिलेच गेले नाही, असा त्याचा ग्रह होतो. हानी होते ती येथे.

म्हणून नियतकालिकांनी आपले तुटपुंजे द्रव्य व श्रम प्रथम मजकूर युनिकोडमध्ये आणण्यावर, शीर्षके सुस्पष्ट करण्यावर आणि इतर भारतीय भाषांतील लेखनाशी परस्पर दुवे जोडण्यावर खर्चावेत. मेटा टॅग अवश्य भरावेत, पण प्रामाणिकपणे आणि त्यानंतर.