१९८४ चे सुवर्ण आणि त्याखालची तळटीप

१/
काही पदकांखाली कोठेही न छापलेली एक तळटीप असते : “त्या वर्षी खरे प्रतिस्पर्धी आलेच नव्हते.” अमेरिकेचा फ्रीस्टाइल मल्ल ब्रूस बॉमगार्टनर याने १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सर्वांत जड वजनगटाचे सुवर्णपदक जिंकले आणि ही तळटीप त्याच्या नावाला चिकटली. ती कितपत न्याय्य आहे, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/
माझे मत प्रारंभीच मांडते. ही तळटीप खोटी नाही. मात्र ती चुकीच्या नावाखाली लिहिली गेली आहे. बहिष्काराचा निर्णय मल्लांनी घेतला नव्हता. त्याचा हिशेब मात्र आपण मल्लांकडे मागतो. ही सवय इतिहासाच्या अभ्यासकाने तरी सोडली पाहिजे.

३/
प्रथम माणूस पाहू. जन्म १९६० चा, न्यू जर्सी राज्यातला. शालेय कुस्तीत त्याला राज्यविजेतेपद कधीच मिळाले नाही. पुढे इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे तो राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. १९८२ साली, तिसऱ्या प्रयत्नात, विजेतेपद मिळाले. हरल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गादीवर उतरणे, हा या कारकिर्दीचा स्वभाव येथेच दिसतो.

४/
आता वजनगट समजून घेऊ. १९८४ पर्यंत हा गट ‘१०० किलोंच्या वर’ एवढाच होता. वरची मर्यादा नव्हती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये याच गटात कांस्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या ख्रिस टेलरचे वजन १८० किलोंहून अधिक होते. १९८५ पासून १३० किलोंची कमाल मर्यादा आली. म्हणजे बॉमगार्टनरची कारकीर्द दोन वेगवेगळ्या नियमव्यवस्थांत घडली.

५/
या गटावर सोव्हिएत संघाची पकड किती घट्ट होती? १९६४ मध्ये इव्हानित्स्की, १९६८ व १९७२ मध्ये मेद्वेद, १९७६ व १९८० मध्ये आंदियेव्ह. सलग पाच ऑलिंपिक, पाचही सुवर्णपदके सोव्हिएत मल्लांची. अमेरिकेने फ्रीस्टाइलच्या सर्वांत जड गटात शेवटचे सुवर्ण जिंकले होते ते १९२४ साली, पॅरिसमध्ये, हॅरी स्टीलच्या रूपाने.

६/
१९८३ ची जागतिक स्पर्धा कीव्ह येथे, सोव्हिएत भूमीवर झाली. या गटात सलमान खासिमिकोव्ह याने सलग तिसऱ्या वर्षी जागतिक विजेतेपद पटकावले. बावीस वर्षांच्या बॉमगार्टनरला कांस्यपदक मिळाले. ऑलिंपिकला एक वर्षही उरले नव्हते. या घटकेला कोणालाही विचारले असते, तर १९८४ चा संभाव्य विजेता म्हणून खासिमिकोव्हचेच नाव पुढे आले असते.

७/
पुढचा डाव गादीबाहेर पडला. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. ८ मे १९८४ रोजी सोव्हिएत संघाने, खेळाडूंच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून, लॉस एंजेलिसवर बहिष्कार जाहीर केला. पूर्व जर्मनी, बल्गेरिया, हंगेरी, पोलंड, क्यूबा आदी देश त्याच्या मागोमाग गेले. इराणही, स्वतंत्रपणे, अनुपस्थित राहिला. सोव्हिएत संघ, बल्गेरिया आणि इराण! जागतिक कुस्तीचे तीन बलाढ्य देश एकाच वेळी गैरहजर.

८/
परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. फ्रीस्टाइलच्या दहा गटांपैकी सात सुवर्णपदके अमेरिकेला मिळाली. बॉमगार्टनरने अंतिम लढतीत कॅनडाच्या बॉब मॉले याला हरवले. मॉलेच्या पाठीवर काही आठवड्यांपूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती; तशा स्थितीत रौप्यपदकापर्यंत पोहोचणे हे त्याचे स्वतंत्र शौर्य होय. साठ वर्षांनी या गटाचे सुवर्ण अमेरिकेत परतले आणि त्याच दिवशी तळटीपही लिहिली गेली.

९/
तळटीपवाल्यांची बाजू दुबळी नाही, हे मान्य केले पाहिजे. १९८३ : सोव्हिएत मल्ल उपस्थित, बॉमगार्टनरला कांस्य. १९८४ : सोव्हिएत मल्ल अनुपस्थित, सुवर्ण. १९८५, बुडापेस्ट : सोव्हिएत मल्ल पुन्हा उपस्थित, पुन्हा कांस्य आणि जागतिक विजेता डेव्हिड गोबेजिश्विली. १९८५ च्या अखेरीस कोणी या तीन नोंदी शेजारी शेजारी मांडल्या असत्या, तर निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघाला असता.

१०/
येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. “सोव्हिएत मल्ल आला असता तर हा हरला असता” हे विधान नोंदीसारखे दिसते, पण ते अनुमान आहे. त्यात बऱ्याच गोष्टी गृहीत धरल्या आहेत : सोव्हिएत निवडीतून कोण पुढे आला असता, ड्रॉ कसा निघाला असता, त्या दिवशी कोण कोणासमोर कोणत्या तयारीने उभा राहिला असता. यांतील प्रत्येक पायरी शक्य कोटीतली आहे. एकही घडलेली नाही. घडलेल्या आणि न घडलेल्या गोष्टींना आपण एकाच रकान्यात बसवू शकत नाही.

११/
शिवाय तीन वर्षांचा तुकडा कापून घेतला की निष्कर्ष हवा तसा निघतो. तुकडा एका वर्षाने वाढवून पाहा. १९८६ ची जागतिक स्पर्धा पुन्हा बुडापेस्टलाच झाली. सोव्हिएत संघ उपस्थित होता, पूर्व युरोप उपस्थित होता. सुवर्ण बॉमगार्टनरचे. १९८७ मध्ये क्लेर्मों-फेराँ येथे पुन्हा कांस्य. म्हणजे चित्र सरळ रेषेचे नाही. बरोबरीच्या मल्लांमधल्या चढउताराचे आहे.

१२/
१९८८ चे सोल ऑलिंपिक. १९७६ च्या माँट्रियलनंतर प्रथमच अमेरिका आणि सोव्हिएत संघ उन्हाळी ऑलिंपिकमध्ये एकत्र आले. अंतिम लढत गोबेजिश्विली विरुद्ध बॉमगार्टनर. बॉमगार्टनर हरला, रौप्यपदक मिळाले. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज हे रौप्यपदक आहे. सगळे देश हजर असताना तो अंतिम फेरीत होता, एवढे ते निर्विवादपणे सांगते. हरलेल्या लढतीही पुरावाच असतात. आपण त्या फार क्वचित वाचतो.

१३/
पुढे १९८९ मध्ये इराणच्या अली रेझा सोलेमानीकडून पराभव, रौप्य. १९९० मध्ये टोकियोत गोबेजिश्विली पुन्हा विजेता, बॉमगार्टनरला पुन्हा रौप्य. १९९१ मध्ये पदकच नाही. वय तिशीच्या पुढे. आणि १९९२ च्या बार्सिलोनात त्याने त्याच गोबेजिश्विलीला हरवले, अंतिम लढतीत कॅनडाच्या जेफ थ्यूवर मात केली आणि दुसरे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. गोबेजिश्विलीला कांस्यपदक मिळाले. या वेळी तळटीप लिहायला जागा नव्हती.

१४/
यानंतरचा एक तपशील सहसा निसटतो. सोव्हिएत संघ अस्तित्वात होता तोवर त्या अवाढव्य देशातून एका वजनगटात एकच मल्ल येई. संघ विसर्जित झाल्यावर रशिया, बेलारूस, युक्रेन, जॉर्जिया आदी देश आपापले मल्ल पाठवू लागले. पूर्वी जे आपसांतल्या निवडीतच गळत, ते आता समोर उभे राहू लागले. शीतयुद्ध संपल्याने या गटातील वाट सोपी झाली, असे वाटेल. प्रत्यक्षात तिथली दाटी वाढली.

१५/
त्या दाटीत बॉमगार्टनरची कामगिरी अशी : १९९३, टोरांटो, सुवर्ण. १९९४, इस्तंबूल, रौप्य. १९९५, अटलांटा, सुवर्ण. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज त्याच्या हाती होता. त्या स्पर्धेत सुवर्ण तुर्कस्तानच्या महमूत देमिरने, तर रौप्य बेलारूसच्या मेद्वेदेव्हने जिंकले. पस्तीस वर्षांच्या बॉमगार्टनरने रशियाच्या शुमिलिनला मागे टाकून कांस्यपदक मिळवले आणि तो सलग चौथ्या ऑलिंपिकमध्ये पदकविजेता ठरला.

१६/
संपूर्ण मालिका एकत्र पाहा. १९८३ ते १९९६ या चौदा वर्षांत जागतिक आणि ऑलिंपिक मिळून तेरा पदके : पाच सुवर्ण, चार रौप्य, चार कांस्य. केवळ १९९१ रिकामे. या तेरांतून १९८४ चे पदक काढून टाकले, तरी कारकिर्दीची उंची तसूभरच कमी होते. यातली बरीच वर्षे तो पेनसिल्वेनियातील एडिनबरो विद्यापीठात कुस्तीचा प्रशिक्षक म्हणून नोकरी करत होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

१७/
“म्हणजे त्याने स्वतःला सिद्ध केले, वाद मिटला” असे म्हणून अनेक जण येथेच थांबतात. मला हा शेवट पुरेसा वाटत नाही. बॉमगार्टनरला सिद्ध करायला पुढची बारा वर्षे मिळाली : शरीर टिकले, नोकरी टिकली, संघात जागा टिकली. १९८४ च्या ज्या विजेत्यांना दुसरी संधी लाभलीच नाही, त्यांचे काय? त्यांचे पदक कायम संशयित ठेवायचे? पुरावा देण्याचे ओझे खेळाडूवर टाकले की न्याय दीर्घायुषी कारकिर्दींनाच मिळतो.

१८/
दुसऱ्या बाजूची हानी तर याहून मोठी. अमेरिकेचा ली केम्प १९७८, १९७९ आणि १९८२ चा जागतिक विजेता. १९८० चे ऑलिंपिक त्याच्या सरकारने हिरावले. सोव्हिएत संघाचा खासिमिकोव्ह १९८१, १९८२ आणि १९८३ चा जागतिक विजेता. १९८४ चे ऑलिंपिक त्याच्या सरकारने हिरावले. दोघेही तीन तीन वेळा जगज्जेते, दोघांच्याही नावे एकही ऑलिंपिक पदक नाही. पुढे खासिमिकोव्ह जपानच्या व्यावसायिक कुस्तीत उतरला. शत्रुराष्ट्रांच्या या दोन मल्लांचे दुःख सारखेच होते.

१९/
आणि आपण? १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील भारताचे हॉकी सुवर्ण आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण त्या स्पर्धेत सहाच संघ होते. १९७६ चे तिन्ही पदकविजेते, म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान, मॉस्कोला आलेच नव्हते. अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ असे हरवले. आपल्या संघाने समोर आलेल्यांना हरवले. न आलेल्यांचा जाब त्याला विचारता येत नाही. मग हाच न्याय लॉस एंजेलिसला का लावू नये? मोजपट्टी देशागणिक बदलत असेल, तर तो इतिहास राहत नाही, पक्षपात होतो.

२०/
यावर आक्षेप येईल : “मग अनुपस्थिती विसरायची का?” मुळीच नाही. १९८४ ची सात सुवर्णपदके बहिष्काराचा उल्लेख न करता सांगणे ही अर्धी माहिती आहे. आग्रह इतकाच की त्या उल्लेखाचा कर्ता अचूक असावा. “बॉमगार्टनरला सोपे सुवर्ण मिळाले” आणि “सोव्हिएत सरकारने आपल्या मल्लांना रोखले” ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत. पहिल्यात दोष जिंकणाऱ्याकडे जातो. दुसऱ्यात निर्णय घेणाऱ्याकडे.

२१/
म्हणून एक साधी सूचना. १९८० किंवा १९८४ ची पदकतालिका पुढे आली, की तिच्या शेजारी न येऊ शकलेल्यांची यादीही ठेवा. मॉस्कोच्या पानावर केम्पचे नाव लिहा, लॉस एंजेलिसच्या पानावर खासिमिकोव्हचे. त्यासाठी बॉमगार्टनरचे नाव खोडण्याची गरज नाही. तुमच्या आवडत्या खेळातील अशी बहिष्कारात हरवलेली नावे ठाऊक असतील, तर खाली अवश्य लिहा. ती यादी आपण एकत्र वाढवू.

#मराठी #इतिहास #कुस्ती