किल्ली दारातच ओतलेली

मदरबोर्ड जळाला, नवा बसवला, की विंडोज स्वतःच्याच मालकाला ओळखेनासे होते. याच आठवड्यात, ऐन लग्नसराईत, पत्रिका छापणाऱ्या एका दुकानात हे घडले. हार्डडिस्क तीच, फायली जागच्या जागी. पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरे उमटली ती हटेनात.

यंत्रातल्या भागांवरून विंडोज एक ओळख बनवते आणि परवाना त्या ओळखीला बांधते. २००१ मध्ये एक्सपीपासून हे सुरू झाले. रॅम वाढवली तर सहसा बिघडत नाही. बोर्ड बदलला की ओळखच पुसते. यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना त्या बोर्डाचाच असतो. विंडोज ८ पासून ब्रँडेड यंत्रांत किल्ली बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच असते. सुटा घेतलेला रिटेल परवाना मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. एक्सपी तीस दिवसांनी आत येऊ देत नसे. आताचे विंडोज काम करू देते, फक्त वॉलपेपर बदलू देत नाही आणि कोपऱ्यातून टोकत राहते.

त्याच टेबलावर, त्याच सीपीयूच्या पाठीला श्रीलिपी या फॉन्ट-सॉफ्टवेअरचे डोंगल खोचलेले होते. अंगठ्याएवढे कुलूप. डीटीपीवाल्यांनी त्याला कमी शिव्या घातलेल्या नाहीत: हरवले तर दुकान बंद, शेजारी उसने मागायला आला तर द्यावे की नाही हा पेच. तरी त्याचा व्यवहार सरळ आहे. यंत्र जळाले तर डोंगल उपटायचे, दुसऱ्याला लावायचे, सॉफ्टवेअर टाकायचे. बोर्ड कोणता, हे ते विचारत नाही. ज्याच्या हातात डोंगल, तो मालक. ओईएम विंडोजची किल्ली दारातच ओतलेली. दाराला वाळवी लागली की किल्लीही गेली.

विंडोज १० ला २०१६ पासून एक पळवाट आहे. डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल, तर ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर नुकतेच बदलले’ असे सांगून तो परत मागता येतो. पण हे जोडणे बोर्ड जळण्याआधी व्हावे लागते. दुकानातले खाते ‘ॲडमिन’ नावाचे, यंत्र जोडून देणाऱ्याने उघडलेले. त्याच्या बिलात प्रोसेसर, कॅबिनेट, अगदी माऊसपॅडही. विंडोजची ओळ नाही. ते कोणाचे, हे तेव्हा कुणी विचारले नव्हते.

मग लिनक्स? मिंट किंवा उबंटूला किल्लीच नाही. बोर्ड बदलला तरी बहुधा तशीच सुरू होते. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे त्यावर चालल्या आहेत. इन्स्क्रिप्टने मराठीही नीट उमटते. पण पेजमेकर आणि कोरलड्रॉ लिनक्ससाठी नाहीत, आणि जुन्या पत्रिका युनिकोडबाहेरच्या फॉन्टात अडकलेल्या. फॉन्ट काढला की ‘चि. सौ. कां.’ची खिचडी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि टीपीएम २.० नसलेल्या जुन्या यंत्राला विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. म्हणून बिले आणि ईमेलच्या दुसऱ्या यंत्रावर आता मिंट आहे. पत्रिकांच्या यंत्रासाठी रिटेल किल्ली घेतली, बिलासकट. तिचा कागद गल्ल्यात ठेवला आहे, डोंगलच्या रिकाम्या डबीत.