स्टँड वेगळा, कॅरिअर वेगळे

पुतणी आठवीत गेली म्हणून गेल्या जूनमध्ये तिच्यासाठी सायकल घ्यायला शहरात गेलो. तिच्या गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा करमाडला. अंतर साडेचार किलोमीटर. सकाळच्या ॲपे रिक्षात माणसे कशी कोंबलेली असतात हे जालना रस्त्यावरून गेलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या गर्दीत मुलीला रोज धाडायला तिची आई तयार नव्हती. तेव्हा सायकल घ्यायची ठरली. अपेक्षा काही मोठ्या नव्हत्या. दप्तर आणि डबा मागे बांधता यावा, पावसात पाठीवर चिखल उडू नये, सलवार चेनमध्ये अडकू नये आणि शाळेच्या आवारात सायकल उभी राहावी, एवढेच.

दुकान मोठे, दर्शनी काचेचे. आत पन्नासेक सायकली असतील. काही छताला आकड्यांनी टांगलेल्या, काही भिंतीला टेकवलेल्या, काहींची चाके लोखंडी खाचांत अडकवलेली. बराच वेळ मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते, पण काय ते कळत नव्हते. मग लक्षात आले. त्या दुकानात स्वतःच्या पायावर उभी असलेली एकही सायकल नव्हती.

"स्टँड ॲक्सेसरीत येतो, काका," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. कॅरिअर? तेही ॲक्सेसरीत. मडगार्ड? "या मॉडेलला येत नाहीत. प्लास्टिकचे बसवता येतील, पण लूक जातो." चेनकव्हर नाही, कारण गिअर आहेत. घंटी मात्र त्याने फुकट दिली. पुतणीला जांभळा रंग आवडला. साडेआठ हजार रुपये झाले, एका बाजूचा स्टँड वेगळे पैसे देऊन बसवून घेतला, आणि कॅरिअर शिल्लक नसल्याने "गावाकडे कोणीही बसवून देईल" असे आश्वासन घेऊन आम्ही परतलो.

करमाडला आमचे सायकलवाले चाचा आहेत. चाळीसेक वर्षे पंक्चर, छर्रे, फ्रीव्हील यांतच त्यांची गेली. त्यांनी सायकल उलटी केली, सुलटी केली, मागच्या चाकापाशी बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, हिला भोकंच नाहीत. कॅरिअर कुठं आवळू?"

चाचांच्या या प्रश्नातच सगळा विषय आहे. खरे सांगायचे तर पूर्वीही काही दुकानदार कॅरिअर, घंटी, दिवा यांचे पैसे वेगळे लावत. सायकल खोक्यातून सुटी यायची आणि दुकानात कसून मिळायची, त्यामुळे काय लावायचे याची घासाघीस तिथेच व्हायची. पण लावायचे म्हटले तर जागा असे. सांगाड्याला भोके असत, मागच्या आसाला पुरेशी लांबी असे. आजच्या पुष्कळ सायकलींत ती जागाच ठेवलेली नसते. कॅरिअरचा पाय जिथे यायचा तिथे डिस्क ब्रेक येऊन बसला आहे, आणि जिथे जोड स्टँड यायचा तिथे गिअरची यंत्रणा लोंबते आहे. या सायकलीवर माणूस काही वाहून नेईल, किंवा वाटेत उतरून काही काम करील, ही शक्यता कारखान्यातच वगळली गेली आहे. वस्तू महाग झाली तर माणूस कुरकुरतो आणि घेतो. वस्तूची कल्पनाच बदलली तर काय मागावे हेही त्याला समजेनासे होते.

स्टँडचेच पाहा. स्टँड म्हणजे सायकल पडू नये म्हणून लावलेला लोखंडाचा तुकडा, असे शहरातल्या मुलाला वाटणे साहजिक आहे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जुना जोड स्टँड ज्यांनी वापरला आहे त्यांना तसे वाटणार नाही. पायाने दाबायचा, कॅरिअरला धरून सायकल मागे ओढायची, की मागचे चाक जमिनीपासून उचलले जाई. सायकल सरळ उभी राही, तोल बरोबर मधोमध. दूधवाला दोन्ही अंगांना कॅन अडकवून दारात उभा राहायचा आणि एका कॅनमधले दूध संपत आले तरी सायकल कलत नसे. बाजूच्या स्टँडवर हे करून पाहावे म्हणजे दूध कुठे जाते ते कळेल. कडब्याच्या पेंढ्या, भाजीची पाटी, पिठाचा डबा हे सगळे एकट्या माणसाला लादता यायचे ते या स्टँडमुळे. धार लावणारा तर त्याच स्टँडवर आपला कारखाना उभा करी. सायकल स्टँडवर, स्वतः सीटवर, पायडल मारले की मागच्या चाकावरच्या पट्ट्याने सहाण फिरे आणि विळ्या-कात्र्यांतून ठिणग्या उडत. आम्ही पोरे स्टँडवरच्या सायकलीचे पायडल हाताने गरगरा फिरवून डायनॅमोचा दिवा लावत असू आणि त्याबद्दल मारही खात असू.

आमची माती काळी आहे. पावसाळ्यात बाजूच्या स्टँडचे टोक तिच्यात रुतते आणि सायकल हळूहळू आडवी होते. रुंद टायर ती माती उचलतो आणि मडगार्ड नसल्याने शाळेच्या गणवेशावर कमरेपासून मानेपर्यंत एक रेघ ओढतो. सायकल कंपनीच्या नकाशाकक्षात बसणाऱ्या कोणाला करमाडची माती ठाऊक असावी अशी अपेक्षा नाही. पण चिखल देशभर आहे.

या देशाने एके काळी सायकल हे कामाचे वाहन म्हणूनच बनवायला घेतले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स. सोनीपतला १९५१ साली ॲटलस निघाली, लुधियानात १९५६ साली मुंजाल बंधूंची हिरो. बहुतेकांचा मुख्य माल एकच, इंग्रजी रॅलेच्या वळणाची उंच काळी सायकल. तिच्यात दिखाऊ असे काही नव्हते, पण तिचा सुटा भाग कोणत्याही बाजारगावात मिळे आणि कोणत्याही मिस्त्रीला ती उघडता येई. नगरपालिका तिच्यावर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलिस अडवीत. तेव्हा आपण चिडत असू, पण कर घेणारे आणि दंड करणारे सरकार निदान तिला वाहन समजत होते.

मग काय झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; सगळा दोष दुकानदारांच्या माथी मारणे बरोबर नाही. लुना आली, एम-८० आली, १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली. त्याच वर्षी आमच्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. हप्त्यांवर मोटारसायकल दारात येऊ लागली तशी काळी सायकल गरिबीची खूण ठरली. लग्नाळू मुलाला तिच्यावर बसणे नको झाले. बापही दुकानात जाऊन गिअरचीच मागू लागला. कंपन्यांनी हे ओळखले आणि सायकल पोरांना खेळायला व हौशी लोकांना व्यायामाला विकायला सुरुवात केली. रविवारी पहाटे हेल्मेट घालून दौलताबादच्या घाटाकडे निघणाऱ्या मंडळींबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना स्टँड नको असतो, वजन कमी हवे असते, आणि त्यांचे ते बरोबर आहे. पण मोटारसायकल घरात आली ती कर्त्या पुरुषासाठी. शाळेत जाणारी मुलगी, अंगणवाडीची मदतनीस, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, रोज दोन गावे फिरून ब्लाउजपीस विकणारा म्हातारा यांच्या वाट्याला ती आली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्या घरांत सायकल आढळली. गिऱ्हाईक संपलेले नाही. दुकानाने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे.

२०२० च्या मे महिन्याची आठवण या भागात कोणी विसरलेले नाही. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून पायी निघालेले सोळा मजूर ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. त्याच महिन्यात बिहारची ज्योती कुमारी ही पंधरा वर्षांची मुलगी जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला, सुमारे बाराशे किलोमीटर, सायकलने पोचली. देशभर कौतुक झाले आणि सायकलिंग फेडरेशनने तिला खेळाडू म्हणून चाचणीला बोलावले. तिच्या पायांकडे सगळ्यांनी पाहिले. वडील ज्यावर बसले होते त्या कॅरिअरकडे कोणी पाहिले नाही. आज शहरात ज्या प्रकारची सायकल आम्हाला दाखवली गेली, तिच्यावर ती वडिलांना कुठे बसवणार होती? पुढच्याच महिन्यात, ३ जूनला, ॲटलसने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

बाहेरच्या देशांत सायकल म्हणजे खेळ, असा एक समज आपल्याकडे आहे. तोही खरा नाही. हॉलंडमध्ये रोजच्या वापराची सायकल स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर आणि दिव्यासकटच येते. जपानमध्ये घरोघरी जी सायकल असते तिला 'मामाचारी', म्हणजे आईची सायकल, म्हणतात. पुढे टोपली, मागे कॅरिअर, चाकाला गोल कुलूप आणि आपल्या जुन्या सायकलीसारखाच दोन पायांचा स्टँड. मोटारी बनवणाऱ्या त्या देशाला तिची लाज वाटत नाही. इंग्लंडमध्ये नवी सायकल घंटीशिवाय विकता येत नाही, तसा नियमच आहे. आपल्याकडेही सायकलीच्या परावर्तकांबाबत केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता आदेश काढला. म्हणजे सायकलीवर काय असावे हे सरकार सांगू शकते.

आणि सरकारने सांगावे असे म्हणण्याला कारण आहे, कारण पैसे सरकारही देते. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेने ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. पैसे बँकेत जमा होतात, सायकल पालकांनी बाजारातून घ्यायची. पश्चिम बंगालने २०१५ पासून 'सबुज साथी' योजनेत प्रत्यक्ष सायकलीच वाटल्या. तिथे काय द्यायचे ते सरकार ठरवते. आपल्याकडे ते दुकान ठरवते. पाच हजारांत बाप जी सायकल आणतो तिला कॅरिअर बसत नसेल, तर मुलगी दप्तर पाठीवर आणि डबा हँडलला अडकवून निघते, आणि पहिल्याच खड्ड्यात डबा पुढच्या चाकात जातो. हे मी पाहिलेले आहे. पैसे देताना स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर आणि घंटी बसवलेल्या सायकलीचीच पावती चालेल, एवढी एक ओळ शासन निर्णयात घातली तर माझ्या मते दोन वर्षांत दुकानातले चित्र बदलेल. दुकानदार कोणाचा शत्रू नाही. पावती ज्याची चालते तो माल तो आणतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण टांगून ठेवायच्या सायकलीला आणि दूध घालायच्या सायकलीला तो सारखाच आहे.

दरम्यान करमाडच्या आसपास आम्हाला रस्ते भरपूर मिळाले. शेंद्र्याला ऑरिकचे प्रशस्त रस्ते झाले. परिसरातून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर दुचाकीलाच बंदी, तेव्हा सायकलचा प्रश्नच नाही. जालना रस्त्याच्या कडेने मुले अजून एका रांगेत शाळेला जातात, मागून ट्रक भोंगे वाजवत येतात आणि सायकली खडीत उतरतात. तो वेगळा लेख होईल.

चाचांनी शेवटी लोखंडी पट्ट्या वाकवून, सीटखालच्या नळीला आवळून एक कॅरिअर बसवलेच. डिस्क ब्रेकला अंतर राहावे म्हणून एका बाजूला वॉशरांची चळत लावली. "बाराएक किलो पेलंल, सर. माणूस बसवू नका," असे बजावले आणि दोनशे चाळीस रुपये घेतले. स्टँडखाली ठेवायला पुतणीने शाळेच्या आवारात एक चपटा दगड हेरून ठेवला आहे. तिच्या धाकट्या भावाला पुढच्या वर्षी सायकल लागेल. काळी, उंच, जोड स्टँडची सायकल लुधियानात अजून बनते, आणि जालन्याला एक जुना दुकानदार ती मागवून देतो, असे चाचांकडून कळले. निम्मे पैसे आधी भरायचे आणि तीन आठवडे थांबायचे. मी नाव नोंदवून आलो आहे.