जखम म्हणजे खुलासा नव्हे

कॉलीन हूव्हर ह्या अमेरिकन लेखिकेच्या ‘इट एन्ड्स विथ अस’ (२०१६) ह्या कादंबरीविषयी विद्यापीठीय वर्तुळात दोन तऱ्हांनी बोलले जाताना ऐकू येते. पहिली तऱ्हा जुनीच : ही लोकप्रिय प्रणयकथा, सबब समीक्षेचा विषय नव्हे. (विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’वर १९३३ साली जे वादळ उठले, त्यातही कथांपेक्षा टोपणनावामागील व्यक्तीचीच चर्चा अधिक रंगली होती.) दुसरी तऱ्हा नवी : ही आघाताची साक्ष आणि ‘भावनिक उपचारा’ची कथा, सबब तिची चिकित्सा करणे हीच असंवेदनशीलता. एकीकडे न वाचता निकाल दिला जातो, दुसरीकडे वाचूनही तो टाळला जातो. माझा आक्षेप मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेला आहे, कारण ती सिद्धान्ताचा वेश घेऊन वावरते.

आघात-सिद्धान्ताचे नाव घेणाऱ्यांनी कॅथी करूथ यांचे ‘अनक्लेम्ड एक्स्पीरिअन्स’ (१९९६) निदान एकदा मुळातून वाचावे. आघात घडतेवेळी तो पूर्णपणे जाणलाच जात नाही. तो उशिरा, व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध पुनःपुन्हा परततो, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे. अर्थात करूथ यांच्या लेखी आघात ही निवेदनाची अडचण आहे. हूव्हर यांच्या कादंबरीत ती निवेदनाची सोय होते. लिलीला मारणारा तिचा नवरा राइल सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून गोळी सुटून भाऊ दगावला, ही हकीकत एका प्रसंगात, सुबोध वाक्यांत सांगितली जाते आणि त्याच्या हिंसेला कारण सापडते.

नायकाच्या कठोरपणामागे पूर्वीचे काही दुखावलेपण आहे, असे पुनर्वाचन करायला प्रणयकथा वाचकस्त्रीला शिकवते, हे जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये (१९८४) दाखवले होते. हूव्हर नेमके तेच पुनर्वाचन लिलीपुढे ठेवतात, आणि तिला ते नाकारायला लावतात. खुद्द राइलची बहीण अलिसा बहीण म्हणून त्याच्यासाठी क्षमेची इच्छा धरते, पण मैत्रीण म्हणून लिलीला बजावते की त्याला परत घेतलेस तर माझ्याशी बोलू नकोस. मुलीच्या जन्मानंतर रुग्णालयातच लिली राइलला विचारते की, उद्या ह्या मुलीने येऊन आपल्याला आपला माणूस मारतो असे सांगितले तर तू तिला काय सांगशील. आणि घटस्फोट मागते. राइलची जखम खरी आहे. तिच्या आधारे निर्णय मात्र होत नाही. मार खाऊनही बापाच्या घरात राहिलेल्या आईला मनोमन दोषी धरणारी लिली स्वतः त्याच जागी उभी राहते आणि तो दोषारोप तिच्याच हातून गळून पडतो. ही पाने प्रणयकथेचा वाचकाशी असलेला जुना करार मोडतात. पहिल्या गटाला ती दिसत नाहीत, कारण तो तिथवर पोचतच नाही.

पण मग अ‍ॅटलसचे काय? लिलीचा हा पहिला प्रियकर पोरवयात घराबाहेर काढला गेलेला, बेघर. त्याची जखम राइलच्या जखमेहून हलकी म्हणता येणार नाही. तरी एकाच्या जखमेतून हात उगारला जातो आणि दुसऱ्याच्या जखमेतून निव्वळ कोमलता निपजते. असे का, हा प्रश्न कादंबरी एकदाही विचारत नाही. विचारला असता तर बालपणाचा सगळा खुलासा कोसळला असता, आणि राइलकडे त्याच्या कृतीचा कर्ता म्हणून पाहावे लागले असते. त्याऐवजी उपसंहारात अ‍ॅटलस पुन्हा भेटतो, आणि २०२२ मध्ये आलेला उत्तरभाग त्याच भेटीपुढची कथा सांगतो. लिली सावरते कशी, एकटीने मूल वाढवताना तिचे दिवस कसे जातात, हे सांगण्याच्या जागी दुसरा पुरुष उभा केला जातो. ‘उपचार’ ह्या शब्दावर प्रबंध रचू पाहणाऱ्यांनी प्रथम राइल आणि अ‍ॅटलस यांच्या जखमा शेजारी-शेजारी मांडून दाखवाव्यात; करूथ यांचे नाव त्यानंतर घ्यावे.